मारिगोची छत्री

“हात सैल सोड. आणि इकडे बघू नकोस, खिडकीकडे बघ.”

“मावशी, मी काय पाच वर्षांची आहे का सुई बघून रडायला?” लिया म्हणाली खरी, पण मान तिने खिडकीकडे वळवलीच.

स्तामाताने भाचीचा हात स्वयंपाकघरातल्या टेबलावर सरळ ठेवला, दंडाला रबरी पट्टी आवळली आणि बोटाने शीर चाचपली. कवाल्याच्या इस्पितळात रक्त तपासण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं. रडणारी पोरं, थरथरणारे म्हातारे, बंदरावरून झोकांड्या खात आलेले खलाशी, सगळ्यांच्या शिरा तिला पहिल्या झटक्यात सापडायच्या. आज सुई चुकली.

“आई गं! आणि म्हणे अख्ख्या कवाल्यात तुझ्याइतका हलका हात कुणाचा नाही.”

“तोंड चालू ठेवलंस की शीर पळते. गप्प बस जरा.”

दुसऱ्या वेळी रक्त आलं. नळी भरेपर्यंत स्तामाताने भाचीच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. जे बघायचं ते तिने कालच बघितलं होतं. थेसालोनिकीच्या बसमधून लिया उतरली, धावत येऊन गळ्यात पडली, आणि स्तामाताने तिला खांद्यांना धरून जरा लांब केलं. मुलीच्या दोन्ही गालांवर लाली होती आणि ती नाकाच्या दांडीवरून या गालाची त्या गालाला जोडली गेली होती. नाकपुड्यांच्या कडेच्या खोबणीत मात्र कातडी स्वच्छ, गोरी. उन्हाने भाजतो तेव्हा सगळा चेहरा भाजतो; ऊन काही खोबणी सोडून देत नाही.

“रविवारी समुद्रावर गेले होते गं,” लिया म्हणाली. “टोपी विसरले. पोरींनी हसून हसून जीव घेतला. म्हणे टोमॅटो झालाय तुझा.”

“सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?”

“परीक्षा होती. इमारतींचे नकाशे काढून काढून कुणाचीही आखडतील.”

“केस?”

“वसतिगृहात सगळ्यांचेच गळतात. पाणी खराब आहे तिथलं.”

“दमायला होतं?”

“मावशी, परीक्षा होती म्हटलं ना!”

प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार होतं. तिच्या आईकडेही असायचं. मारिगो स्तामाताची धाकटी बहीण. तिचे गाल लाल झाले तेव्हा गावाने आधी ताप म्हटलं, मग दृष्ट लागली म्हटलं. म्हाताऱ्यांनी तीनतीनदा थू थू करून तिच्यावरून पाणी ओवाळलं आणि स्तामाताही, रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारी बाई, बहिणीच्याच बाबतीत आंधळी राहिली. रोगाचं नाव कळलं तोवर मूत्रपिंडं गेली होती.

रोग ल्युपस. मेसोवुनीसारख्या डोंगरावरच्या गावात त्याला सरळ लांडगा म्हणतात. लिया तेव्हा शाळेत होती. आईला लांडगा खातोय असं कुणाच्या तरी तोंडून तिने ऐकलं आणि संध्याकाळी काठी घेऊन आईच्या पलंगाशी पहारा द्यायला बसली. मग स्तामाताने तिला जवळ घेऊन खरं काय ते सांगितलं. त्या उन्हाळ्यात कवाल्यात कचरेवाल्यांचा संप चालला होता, त्यामुळे उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही.

आपल्या अंगात रोज कोट्यवधी पेशी मरतात, असं ती म्हणाली होती. मरताना त्या आरडाओरडा करत नाहीत. आपलं सामान आवरतात, छोटी छोटी गाठोडी बांधतात आणि ‘मला घेऊन जा’ अशी खूण बाहेर लावून ठेवतात. अंगातल्याच सफाई करणाऱ्या पेशी येतात, गाठोडं गिळून टाकतात, आणि जाताजाता पहारेकऱ्यांना सांगतात की झोपा, काही झालेलं नाही. पण हे सफाईवाले आलेच नाहीत तर? गाठोडी दारात पडून कुजतात, फुटतात. पेशीच्या गाभ्यातला धागा, जो कधी कुणाच्या नजरेला पडायचा नसतो, तो रस्त्यावर येतो. पहारेकरी तो बघतात आणि शत्रू घुसला म्हणून बोंब ठोकतात. आता तोच धागा अंगातल्या प्रत्येक पेशीत आहे. मग काय, पहारेकरी घरच्याच माणसांवर उठतात. कातडीवर, सांध्यांवर, मूत्रपिंडांवर. आणि उन्हात कातडीतल्या पेशी जास्त मरतात, म्हणजे संप चालू असताना घरोघरी दुप्पट कचरा. म्हणून आईने उन्हात जायचं नाही.

तेवढ्या वयाच्या मुलीला हे सगळं समजलं होतं. काठी तिने सोडली आणि दुसऱ्या दिवसापासून आईची छत्री धरायला लागली.

स्तामाताने सुई काढून कापूस दाबला. लिया हात दुमडून बसली आणि थोड्या वेळाने हसत म्हणाली, “बघ तर मग. माझे कचरेवाले कामावर आहेत का संपावर.”

मावशीला हसू आलं नाही. तेव्हा लियाचंही हसू मावळलं. “बाबांना सांगू नकोस,” ती हळूच म्हणाली. “शनिवारपर्यंत तरी नको. त्यांना आईच्या हाडांचीच धास्ती पुरे आहे.”

शनिवारी मारिगोला बाहेर काढायचं होतं. गावची स्मशानभूमी लहान. तीन वर्षांनी कबर उघडायची, हाडं वाइनने धुवायची, पेटीत भरून हाडांच्या खोलीत ठेवायची, आणि जागा पुढच्या माणसाला द्यायची, हा तिथला रिवाज. मारिगोचा नवरा थ्रासोस याने दोनदा मुदत वाढवून घेतली होती. आता पाद्रीबाबांनी साफ सांगितलं होतं की आणखी नाही.

शुक्रवारी सकाळी स्तामाताने ती नळी इतर नळ्यांमध्ये ठेवली. नळीवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. रक्तातलं पाणी काढून काचेवर पसरलेल्या पेशींवर टाकायचं, धुवायचं, चमकणारं रसायन टाकायचं, पुन्हा धुवायचं. रक्तात गाभ्याविरुद्ध उठलेलं काही असेल तर तेवढेच गाभे हिरवे उजळतात. नसेल तर काच काळी राहते. काळोख दिसू दे म्हणून देवाला हात जोडणारी माणसं त्या खोलीतच काय ती सापडायची.

प्रत्येक काच दोघांनी बघायची आणि एकाने काय बघितलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. दुसरा माणूस होता पांतेलिस. माणूस वाईट नव्हता. तोंडाला झाकण मात्र नव्हतं. नियम त्याने आजवर एकदाही पाळला नव्हता.

स्तामाता बाहेर हात धूत होती. अंधाऱ्या खोलीतून त्याची हाक आली.

“स्तामाता! अगं ये, ये लवकर! हा सतरा नंबर बघ. ईस्टरची रात्र आहे रे देवा! चर्चमधले दिवे घालवलेत आणि अख्ख्या गावाने एकदम मेणबत्त्या पेटवल्यात!”

नळाचं पाणी चालूच राहिलं. स्तामाताला सतरा म्हणजे कोण हे माहीत होतं, तरी एक क्षण तिने स्वतःला बजावलं, की नाही, लियाचा सोळा असेल, मी विसरले असेन. मग ओले हात पुसून ती आत गेली. पांतेलिस स्टूलावरून उठला.

“बस. अशी काच वर्षात एकदा मिळते. शिकाऊ पोरांना दाखवायला ठेवू आपण.”

तिने डोळा लावला. काळोखात हिरवे गोल, एकाला लागून एक, काठोकाठ भरलेले. एकही विझलेला नव्हता. बहिणीची काच तिने बघितली होती, ती अशीच होती. टेबलाची कड धरून ती बसून राहिली.

“बाई आहे का गं?” पांतेलिसने विचारलं.

“नंबर आहे. मला काय माहीत?”

“बाईच असणार. तरुण असेल तर बिचारीचं... जाऊ दे. कॉफी आणू का तुला?”

“आण,” ती म्हणाली, केवळ तो जावा म्हणून.

एवढ्या एका काचेवर रोग ठरत नाही, हे तिला कळत होतं. निरोगी माणसाचीही कधी कधी चमकते. म्हणून दुपारी तिने दुसरी तपासणी लावली, नेमकी त्या धाग्याचीच. तीही चमकली. मग ती वरच्या मजल्यावर जाऊन मारिगोच्या जुन्या डॉक्टरीणबाईंना भेटली आणि कुणाचं रक्त आहे ते सांगताना दोनदा अडखळली.

“सोमवारी घेऊन या मुलीला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लघवी तपासू, मग ठरवू. आणि असा चेहरा करू नका, स्तामाताबाई. तुमची बहीण फार उशिरा आली होती. हिला वेळेत गोळ्या सुरू केल्या तर ती म्हातारी होईल, नातवंडं खेळवील. फक्त एक करा. तोवर उन्हात पाऊल टाकू देऊ नका तिला. अजिबात.”

“उद्या तिच्या आईची हाडं काढायचीत,” स्तामाता म्हणाली.

डॉक्टरीणबाई त्याच मुलखातल्या. अशा वेळी मुलीला उघड्यावर थांबावंच लागतं हे त्यांना माहीत होतं; त्यांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर जून महिन्याचं ऊन रणरणत होतं.

संध्याकाळी मेसोवुनीला थ्रासोसच्या अंगणात गहू शिजत होते. दुसऱ्या दिवशी मृतांच्या नावाने वाटायचे म्हणून. त्यात साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे घालायचे. लिया आत अक्रोड फोडत होती. थ्रासोस पायरीवर बसून सिगारेट ओढत होता. संगमरवराच्या खाणीत जन्म गेलेला माणूस. बायकोच्या कबरीवरचा दगड त्याने स्वतः कापला होता आणि उद्या तो स्वतःच बाजूला करणार होता.

“स्तामाता, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“उद्या कबर उकरायला येणारी मालामो म्हणत होती, हल्लीची माणसं विरघळत नाहीत. औषधं खाऊन खाऊन. कोर्टिझोनने तर माती तोंडच लावत नाही म्हणे माणसाला.” त्याने सिगारेट पायरीवर चिरडली. “तूच द्यायचीस ना तिला त्या गोळ्या? रोज?”

“मीच द्यायचे. म्हणून चार वर्षं जास्त जगली ती.”

“मी दोष देत नाही गं तुला.”

“देतोयस. दे. पण गहू करपतोय तो आधी ढवळ.”

तो उठून ढवळायला लागला. पाठमोराच राहून तो हळू आवाजात म्हणाला, “मातीने घेतलं नाही की ते माणूस शांत बसत नाही. घरातल्या कुणाला तरी ओढतं. माझ्या आजोबांच्या वेळी झालंय हे. स्तामाता... पोरीचे गाल बघितलेस तू?”

म्हणजे त्यालाही दिसलं होतं. इतकी वर्षं शिकलेली सगळी विद्या स्तामाताच्या जिभेच्या टोकावर होती: आई मुलीला ओढत नसते, रक्तातून कल उतरतो, ऊन त्याला पेटवतं. पण ती विद्या थ्रासोसच्या भीतीपेक्षा कमी भयंकर होती का? ती स्वतः सकाळपासून त्याच्याहून जास्त घाबरलेली होती.

“उन्हाने भाजलेत,” ती म्हणाली. “समुद्रावर गेली होती.”

“देव करो.” त्याने तीनदा छातीवर क्रूस काढला. “उद्या मारिगो स्वच्छ निघाली की माझ्या जीवात जीव येईल. मग मला कशाची भीती नाही.”

जाताना दारात लियाने तिला गाठलं. “आलं का?”

“सोमवारी येईल.”

लियाने तिच्याकडे निरखून बघितलं, मग ओंजळभर अक्रोड तिच्या पिशवीत टाकले आणि आत गेली.

स्तामाताने पाद्रीबाबांना विनवून सकाळी उजाडताच वेळ ठरवून घेतली होती. सरू झाडांच्या सावल्या लांब असतात तेव्हाच सगळं उरकायचं, ऊन चढायच्या आत पोरीला घरात न्यायचं, आणि सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसवून शांतपणे सांगायचं, असा तिचा बेत होता. पण पाद्रीबाबा खालच्या गावातून यायचे आणि त्यांची गाडी त्यांच्याइतकीच म्हातारी होती. सगळे स्मशानात ताटकळत उभे राहिले. त्यात वाइनची बाटली घरीच राहिल्याचं लक्षात आलं.

“मी आणते,” स्तामाता म्हणाली.

घरात बाटली टेबलावरच होती. ती उचलून वळताना तिला दारामागे खुंटीवर छत्री दिसली. मारिगोची निळी छत्री. भर जुलैत मारिगो ती उघडून गावातून जायची तेव्हा कॉफीच्या दुकानातले पुरुष ओरडायचे, “मारिगोबाई, पाऊस किती वाजता म्हणालात?” आणि तीही उलट ओरडायची, “तुमच्या बायका झाडू घेऊन येतील तेव्हा!” ती गेल्यापासून थ्रासोसने छत्रीला हात लावला नव्हता. धो धो पाऊस असला तरी तो डोक्यावर पोतं घेऊन जायचा. गावात निळी छत्री म्हणजे लांडगा, हे लहान पोरालाही माहीत होतं.

स्तामाताने ती काढली, पांढऱ्या टॉवेलात गुंडाळली आणि काखेत मारली. लागणार नाही, लागणार नाही, असं घोकत ती परत आली.

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली तोवर सूर्य भिंतीवर आला होता. थ्रासोसने आणि त्याच्या दोन भावांनी दगड सरकवला. मग मालामो खड्ड्यात उतरली. सत्तरीची, काटक, डोक्याला काळा रुमाल. गावातली सगळी हाडं तिच्याच हातातून गेलेली. आधी कुदळ, मग खुरपं, मग नुसते हात. बायका कडेला उभ्या राहून पुटपुटत होत्या. मालामोचे हात थांबले की सगळ्या थांबायच्या.

फळ्यांचे कुजके तुकडे वर आले. मग मालामोने पायाकडची माती उकरली आणि एकदम हात मागे घेतला.

मातीतून पाय बाहेर आला होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खा पाय, करड्या रंगाचा, भरलेला, सुरकुत्या पडलेला.

कुणीतरी किंचाळलं. पाद्रीबाबांनी क्रूस काढला. थ्रासोस खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर कोसळला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला, “नाही, नाही, नाही.” लियाने मावशीचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. स्तामाताला काहीच आठवेना, प्रयोगशाळा नाही, रसायनं नाही. तीही लहानपणी त्याच गोष्टी ऐकलेली मेसोवुनीची एक पोर होती आणि बहीण जमिनीतून उठत होती.

मालामोने वाकून नीट बघितलं. मग तिने दोन बोटांनी ते करडं कातडं चिमटीत धरून ओढलं. ते ताणलं, लांब झालं, आणि सोडल्यावर परत बसलं.

“नायलॉन!” ती कडाडली. “नायलॉनचे मोजे! किती वेळा सांगितलं या गावाला, मेलेल्या माणसाला नायलॉन घालू नका, सुती घाला! माती सगळं खाते, नायलॉन खात नाही. कोणी घातले हे?”

“मी,” स्तामाता म्हणाली. “पायांवर डाग होते तिच्या. डाग दिसू नयेत असं वाटलं तिला... मला वाटलं.”

“असू दे, पोरी.” मालामोचा आवाज खाली आला. तिने मोजा वरून सोडवला आणि उलटा धरला. आतून माती सांडली आणि तिच्यामागून पावलाची छोटी छोटी हाडं घरंगळत तिच्या ओंजळीत आली. पिवळसर, कोरडी, निर्मळ. “बघा! विरघळली आहे बाई. मेणासारखी पिवळी निघाली. देव प्रसन्न आहे तिच्यावर.”

मग सगळं भराभर वर आलं. मालामो एकेक हाड वर द्यायची, बायका ते पांढऱ्या चादरीवर ठेवायच्या. कुठे मांसाचा कण नाही, वास नाही. मारिगोचं अंग जिवंतपणी आपलीच मेलेली गाठोडी उचलू शकलं नव्हतं. मातीने पाच वर्षांत काही न बोलता सगळं उचलून नेलं होतं. स्तामाताला रडू आलं. बहिणीच्या मरणानंतर इतकं मोकळं ती रडलीच नव्हती.

थ्रासोस तर हसत होता आणि रडत होता. त्याने भावांना मिठ्या मारल्या, पाद्रीबाबांचा हात चुंबला, मालामोच्या मातकट हाताचं चुंबन घेतलं. “सुटली!” तो सगळ्यांना सांगत होता. “माझी मारिगो सुटली! आता माझ्या पोरीला काही होणार नाही. ऐकलंस का स्तामाता? आता काही होणार नाही!”

“ऐकलं,” स्तामाता म्हणाली.

मालामोने शेवटी कवटी वर दिली. ती मुलीने घ्यायची असते. लियाने ती रुमालात घेतली, कपाळाला ओठ टेकवले आणि चादरीच्या कडेला बसून वाइनने धुवायला लागली. आणि तेव्हाच सूर्य सरू झाडांच्या वर आला. सावली मागे सरली. ऊन थेट लियाच्या तोंडावर, उघड्या मानेवर, वाइनने भिजलेल्या हातांवर पडलं.

स्तामाता पटकन तिच्याजवळ वाकली. “लिया, तू झाडाखाली जा. बाकीचं मी करते.”

“नाही मावशी. हे मीच करायचं असतं.”

“अगं, ऊन लागतंय.”

“लागू दे. हाडंसुद्धा उन्हातच वाळवायची आहेत ना? चादर सावलीत नेली तर मालामो मला खाईल.” ती कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीतली माती बोटाने हळुवार काढत होती. “आईचे केस विंचरायचे मी. आता एवढंच उरलंय, ते करू दे.”

तिच्या गालांवरची लाली उन्हात गडद होत होती. स्तामाताला ती दिसत होती आणि लालीच्या आत चाललेलंही दिसत होतं: पेशी मरताहेत, गाठोडी साचताहेत, उचलायला कुणी येत नाहीये, आणि पहारेकरी जागे होताहेत. पलीकडे थ्रासोस पेल्यांमध्ये ब्रँडी ओतत होता. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा असा उजळलेला तिने बघितला नव्हता. सोमवारपर्यंत, अवघे दोन दिवस, त्याला हे सुख मिळावं असं तिला फार वाटत होतं. छत्री उघडली तर ते तिथेच संपणार होतं. आणि उघडली नाही तर?

तिने टॉवेल सोडला. छत्रीच्या गंजलेल्या काड्या आधी हलेनात. तिने जोर लावला, तेव्हा खटकन आवाज झाला आणि निळं कापड उघडलं.

बायकांची कुजबुज थांबली. मालामो कुदळ पुसत होती, तिचे हात थांबले. लियावर निळी सावली पडली. तिने वर बघितलं. छत्रीच्या एका काडीला तिने लहानपणी बांधलेली लाल लोकर अजून तशीच होती. ती त्या लोकरीकडे बघत राहिली, मग मावशीच्या चेहऱ्याकडे. “सोमवारी येणार होतं ना?” एवढंच ती म्हणाली. लियाने मान खाली घातली आणि पुन्हा कवटीवर वाइन ओतली. धुणं तिने सोडलं नाही.

“छत्री कशाला?” थ्रासोस हसतच वळला होता. “स्वच्छ आकाश...” तो मध्येच थांबला. हातातल्या तबकातले पेले एकमेकांवर किणकिणले. त्याने छत्रीकडे बघितलं, चादरीवरच्या पिवळ्या, निर्मळ हाडांकडे बघितलं, पुन्हा छत्रीकडे बघितलं. त्याच्या हिशेबात हे कुठेच बसत नव्हतं.

“मी वेळेत बघितलंय, थ्रासोस,” स्तामाता म्हणाली. “या वेळी मी वेळेत बघितलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती म्हातारी होईल.” तिला आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण छत्री धरलेला तिचा हात लटपटायला लागला आणि निळी सावली लियाच्या अंगावरून इकडे तिकडे डुलायला लागली.

थ्रासोसने तबक जमिनीवर ठेवलं. तो जवळ आला. क्षणभर वाटलं तो छत्री हिसकावून भिरकावून देईल. त्याने स्तामाताच्या हातातून दांडा घेतला आणि मुलीच्या मागे उभा राहिला. दगड फोडून राठ झालेल्या त्याच्या हातात छत्री हलत नव्हती. ओठ मात्र हलत होते, आणि तो प्रार्थना करत होता की आणखी काही, ते कुणाला ऐकू आलं नाही.

पाद्रीबाबा गेले. शिजवलेले गहू वाटून झाले. बायका आपापल्या घरी निघाल्या आणि जाताना कुणी थू थू केलं नाही. चादरीवर मारिगोची हाडं वाळत होती. लिया एकेक पुसून पेटीत ठेवत होती. काम सावकाश चाललं होतं, कारण तिला घाई करायची नव्हती आणि कुणी करायला सांगतही नव्हतं. ऊन सरकलं तसा थ्रासोस एक पाऊल सरकला, आणि त्याने छत्री तेवढीच पुढे धरली.